उतारावरच्या बागा आणि पाणी वाहणारे हात

रेडिओवर आम्ही जे बोललो, तेच इथे लिहून देत आहोत. थोडं मागेपुढे झालं असेल, बोलीतलं तसंच राहिलं असेल, ते सांभाळून घ्या.

आम्ही कात्रपच्या बाया. कात्रप म्हणजे बदलापूर पूर्वेचं जुनं गाव. आता ते गाव राहिलेलं नाही, शहराचा भाग झालं आहे. पण सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना पश्चिमेकडे पाहिलं, की अजून मलंगगड दिसतो, टवळीचा डोंगर दिसतो, चंदेरीचा सुळका दिसतो. पावसाळ्यात हे डोंगर इतके हिरवे होतात की पाहुणे म्हणतात, तुम्ही नशीबवान. त्याच पाहुण्यांनी एप्रिलमध्ये यावं. तेव्हा तेच डोंगर भाजून काढल्यासारखे तांबडे-काळे दिसतात, आणि रात्री कुठेतरी वणव्याची लाल रेघ सरकत असते.

आज आम्हाला डोंगराबद्दल नाही, उतारावरच्या बागांबद्दल बोलायचं आहे. सरकारने माळी ठेवून केलेल्या बागा नव्हेत. लोकांनी स्वतःच्या हाताने, पगार न घेता, खांद्यावरून पाणी वाहून जगवलेल्या बागा. अशी एक छोटी बाग आमचीही होती. तिची आठवण सांगता सांगता आम्हाला कळलं, की हा इतिहास पुष्कळ मोठा आहे आणि त्यात बायांचे हात पुष्कळ आहेत. नावं मात्र फार थोडी आहेत.

आमचा उतार

साधारण २०१० च्या सुमाराची गोष्ट. आमच्या वस्तीच्या कडेला मुरमाचा एक उतार होता. बागेसाठी ठेवलेली जागा, असं सगळे म्हणायचे. बाग म्हणजे काय, तर चार बाभळी, घाणेरीची झुडपं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. एका पावसाळ्यात तिथे झाडं लावायचा कार्यक्रम झाला. मांडव पडला, फोटो निघाले, शंभरेक रोपं लागली. कोणी लावली ते सांगण्यात आता अर्थ नाही. गणपती झाले, दिवाळी झाली, कोणी फिरकलं नाही. फेब्रुवारीत आमच्यातली एक जण शेळी शोधायला वर गेली आणि परत येऊन म्हणाली, "अगं, त्यातली वीस-बावीस अजून जिवंत आहेत. पानं गळालीत, पण खोड नखाने खरवडलं तर आत हिरवं आहे."

त्या एका वाक्यावर आमची बाग सुरू झाली. आमचा बचत गट तेव्हा नवा होता. महिन्याची बैठक दर महिन्याला व्हायची, पण पैसे मोजून झाले की काय बोलायचं हे कळायचं नाही. त्या बैठकीत ठरलं, की आठवड्यातून दोनदा प्रत्येकीने पाच लिटरचा एक कॅन वर न्यायचा. नळाला पाणी दिवसाआड यायचं. घरचं पाणी झाडाला घालायचं म्हणजे घरात बोलणी खायची. सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या बापाची का टेकडी?" मग आम्ही तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायला लागलो. तेच कॅनमधून वर जायचं.

पहिल्या उन्हाळ्यात वीस-बावीसमधली चौदा जगली. ती चौदा झाडं आम्हाला पोरांसारखी पाठ होती. कोणतं करंज, कोणता बहावा, कोणत्या पळसाला कीड लागते, सगळं ठाऊक.

डोंगर बोडके कसे झाले

आमच्यातली एक म्हातारी ठाकरवाडीतली. ती सांगायची, की तिच्या आजीच्या वेळी इकडच्या डोंगरात दिवसा जायला भीती वाटायची इतकं रान होतं. मग ते गेलं कुठे? शहरातले लोक पटकन म्हणतात, आदिवासींनी तोडलं, गुरांनी खाल्लं. इतिहास तसा नाही.

आपल्याकडे रेल्वे आली ती १८५३ मध्ये, मुंबई ते ठाणे. ती कल्याणला पोचली, आणि १८५६ मध्ये आपल्या भागातून पुढे पळसदरीपर्यंत गेली. रुळाखालचे स्लीपर लाकडाचे. शिवाय मुंबई वाढत होती. तिला जळाऊ लाकूड हवं, कोळसा हवा, इमारतीला लाकूड हवं, घोड्यांना आणि तबेल्यातल्या म्हशींना गवत हवं. हे सगळं ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांतून गेलं.

मग सरकारने १८७८ मध्ये जंगलाचा कायदा केला. राखीव जंगल कोणतं, संरक्षित कोणतं, हे ठरवलं. कागदावर हेतू जंगल वाचवायचा होता. पण लोकांचा रानावरचा हक्क आक्रसला. राब तुम्हाला ठाऊक आहे. भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर फांद्या, पाला, शेण, गवत पसरून भाजायचं. ठाणे-कुलाब्याची भातशेती राबावर चालायची, आणि राबाला फांद्या रानातून यायच्या. त्याच बंद झाल्या. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या, की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी, सव्वाशे वर्षांहून आधी, डोंगर कोणाचा हा प्रश्न विचारला होता.

त्याच काळात महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, १८८३ मध्ये. जंगलखात्याने गायरानं आणि डोंगर हिरावले, गरिबाच्या जनावराला चरायला जागा उरली नाही, ही तक्रार त्यात आहे. नुसती तक्रार नाही, उपायही आहे. डोंगरउतारावर ताली-बंधारे असे घाला की पावसाचं पाणी आणि सुपीक माती वाहून न जाता शेतात मुरेल, आणि हे काम सरकारने आपल्या फौजेकडून करून घ्यावं, असं त्यांनी सुचवलं. आज ज्याला आपण पाणलोटाचं काम म्हणतो, ते त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

लावणं आणि जगवणं

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर जुलैत शाळाशाळांतून झाडं लागतात. आमच्यातल्या सगळ्यांनी शाळेत असताना एकेक झाड लावलं आहे. त्यातलं जगलं किती, हे विचारल्यावर सगळ्या हसतात. हसण्यासारखं नाही ते, पण हसू येतं. लावायचा महोत्सव झाला, जगवायचा झाला नाही.

जगवण्याचं खरं काम शिकवलं ते १९७२ च्या दुष्काळाने. तेव्हा लाखो माणसं दुष्काळी कामांवर गेली. पुढे महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या कामांवर बाया प्रचंड संख्येने होत्या. खडी फोडली, नालाबांध घातले, डोंगराला समपातळी चर खणले. समपातळी चर म्हणजे उताराला आडवा, सगळीकडे एकाच उंचीवर खणलेला लांब खड्डा. वरून धावत येणारं पाणी त्यात थांबतं आणि जिरतं. काढलेली माती चराच्या खालच्या बाजूला रचायची आणि तिच्यावर झाड लावायचं. म्हणजे झाडाला खालून ओल मिळते.

आज शहरातले शिकलेले लोक टेकडीवर जाऊन हेच चर खणतात आणि त्यांचे फोटो छापून येतात. चांगलंच आहे. पण मैत्रिणींनो, ही विद्या तुमच्या-आमच्या आयांच्या हातात पन्नास वर्षांपूर्वीच होती. आमच्या उतारावर दुसऱ्या वर्षी चर खणायचे ठरले, तेव्हा आम्हाला कोणी इंजिनिअर आणावा लागला नाही. नगर जिल्ह्यातून लग्न होऊन इकडे आलेली एक मावशी होती. ती लहानपणी आईबरोबर रोजगार हमीवर गेलेली. पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची नळी घेऊन तिने सारखी पातळी काढली आणि म्हणाली, "इथून तिथपर्यंत फक्की टाका." तिने सही केलेली आम्ही कधी पाहिली नाही, अंगठाच असायचा. पण तिने आखलेल्या चरात पहिल्याच पावसात पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं उभं राहिलं.

पुण्याच्या टेकड्या

लोकांनी शहरातली टेकडी जपायची म्हटलं, की महाराष्ट्रात पहिलं नाव पुण्याचं घ्यावं लागतं. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी, असा शहराला टेकड्यांचा वेढाच आहे. फर्ग्युसन कॉलेजमागच्या टेकडीवर १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी भारत सेवक समाजाची शपथ घेतली. म्हणजे पुण्याची टेकडी पहिल्यापासून नुसती फिरायची जागा नव्हती.

या टेकड्याही बोडक्या होत्या. वनखात्याने तिथे गिरिपुष्प लावलं. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते चांगलं, हे तुम्हाला माहीतच आहे. ते पटकन वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून टेकडीवर लावलं. टेकडी लवकर हिरवी दिसायला लागली. पण त्याच्या दाट सावलीत इथली दुसरी झाडं फारशी उगवत नाहीत, आणि पाखरांना खायला त्यावर फार काही नसतं. नुसतं हिरवं दिसणं आणि रान असणं यातला फरक पुणेकर हळूहळू शिकले.

मग रोज सकाळी फिरायला येणारे लोक हातात पाण्याची बाटली आणायला लागले. एक घोट आपल्याला, उरलेलं झाडाला. कोणी कॅन आणले, कोणी सायकलला डबे बांधले. निवृत्त माणसं, बँकेत काम करणारे, कॉलेजची पोरं, घर सांभाळणाऱ्या बाया. प्रत्येकाने आपापली चार-पाच झाडं ठरवून घेतली. बाणेरच्या तुकाईच्या टेकडीवर २००६ पासून वसुंधरा अभियानाने असंच काम धरलं. चर खणले, देशी झाडं लावली, उन्हाळ्यात पाणी पोचवलं, आणि बोडक्या टेकडीवर हजारो झाडं उभी राहिली.

पण बाग जगवली की टेकडी वाचते, असं नाही. पुण्यात १९९७ मध्ये २३ गावं शहरात आली. त्या गावांच्या डोंगरउतारांवर इमारती व्हायच्या की रान राहायचं, हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. शेवटी २०१५ मध्ये सुमारे ९७८ हेक्टर जागेवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण राज्य सरकारने कायम ठेवलं. आणि २०२३ मध्ये वेताळ टेकडीतून रस्ता नेण्याच्या बेताविरुद्ध पुणेकर पुन्हा मोर्चाने रस्त्यावर आले. ज्या हाताने पाणी घातलं, त्याच हाताने अर्ज लिहावा लागतो, सही गोळा करावी लागते. पुण्याचा हा धडा आम्हाला फार उशिरा कळला. तो पुढे सांगतोच.

नाशिक, मांगरूळ आणि आग

नाशिकला सातपूरजवळ एक डोंगर आहे. लोक त्याला फाशीचा डोंगर म्हणतात. ५ जून २०१५ रोजी हजारो नाशिककर तिथे जमले आणि एका दिवसात अकरा हजार देशी झाडं लावली. 'आपलं पर्यावरण' या संस्थेने हे काम घडवून आणलं. आम्हाला त्यातलं आवडलं ते लावणं नव्हे. पुढच्या वर्षी त्याच तारखेला लोक झाडांचा वाढदिवस करायला पुन्हा वर गेले, ते आवडलं. वाढदिवस करायचा म्हणजे झाड जिवंत ठेवावं लागतं. एवढी साधी युक्ती आहे.

आपल्या अगदी जवळची गोष्ट मांगरूळची. अंबरनाथ तालुक्यातलं, मलंगगडाच्या बाजूचं हे गाव. २०१७ च्या जुलैत तिथल्या डोंगरावर एक लाख रोपं लावण्याचा मोठा कार्यक्रम झाला. कॉलेजची मुलं, संस्था, गावकरी, अशी हजारो माणसं चिखलात उभी राहिली. पुढच्या हिवाळ्यांत त्या डोंगराला आगी लागल्या आणि हजारो रोपं होरपळली.

आमच्या उतारालाही तिसऱ्या वर्षी आग लागली. जानेवारी महिना, गवत कमरेएवढं आणि वाळून पिवळं. कोणी लावली की विडीची ठिणगी पडली, देव जाणे. संध्याकाळी सहाला धूर दिसला, आणि आम्ही ओल्या गोणपाटांनी झोडपत साडेआठपर्यंत वर होतो. एकीच्या साडीचा पदर जळाला. एकीला धुराने उलट्या झाल्या. चौदातली पाच झाडं आणि नवी लावलेली जवळजवळ सगळी गेली. दुसऱ्या दिवशी राखेत उभ्या राहून आम्ही रडलो. खोटं कशाला सांगावं, त्या दिवशी हे सगळं सोडून द्यायचं ठरलंच होतं.

मोळीवाल्या आजी

ते सुटलं नाही, कारण एक आजी. कातकरी वाडीतल्या त्या आजी रोज उतारावरून मोळी घेऊन जायच्या. आमचं आणि त्यांचं आधीपासून वाकडं होतं. झाडं लागल्यावर आम्ही खालच्या बाजूला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं, आणि त्यात त्यांची पायवाट बंद झाली होती. त्या कुंपण बाजूला सारून जायच्या. आम्ही पुन्हा लावायचो. एकदा आमच्यातली एक त्यांना फार बोलली. आजी शांतपणे म्हणाल्या, "बाय, तुझं झाड ते झाड, आणि माझं सरपण ती चोरी होय? माझी चूल तू पेटवशील का?"

आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच आजी राखेत आल्या आणि म्हणाल्या, "गवत राखलंत तुम्ही. गवत कापू दिलं असतं तर जळलं नसतं."

आम्ही गप्प झालो. त्यांचं खरं होतं. आम्ही कुंपण घातलं, गुरं बंद केली, विळा बंद केला आणि वाळलेलं गवत झाडांच्या भोवती रचून ठेवल्यासारखं केलं. १८७८ च्या कायद्याने जे मोठ्या डोंगरांचं केलं, तेच आम्ही आमच्या टीचभर उताराचं केलं होतं. ज्यांचा त्या जागेवर रोजचा पाय, त्यांनाच बाहेर काढलं होतं. आम्हीही गरीबच, पण त्यांच्यासमोर आम्ही साहेब झालो होतो.

मग बैठक झाली. आजी आणि त्यांच्या दोन सुना पहिल्यांदा आमच्या सतरंजीवर बसल्या. ठरलं ते असं. पायवाट मोकळी राहील. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं, की वाडीच्या बायांनी ते कापून न्यावं. वाळकी लाकडं त्यांची, ओल्या फांदीला कोणीही हात लावायचा नाही. आणि डिसेंबरात सगळ्यांनी मिळून उताराच्या चारी बाजूंनी आठ-दहा फूट रुंद पट्टा खरवडून साफ करायचा. वनखातं यालाच जाळरेषा म्हणतं. आग आली तरी त्या पट्ट्यापाशी तिला खायला काही मिळत नाही. त्यानंतर आजूबाजूला वणवे लागले, पण आमच्या उतारावर आग चढली नाही.

नैरोबीच्या बाया

लांबची एक गोष्ट सांगतो. आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथे वांगारी मथाई नावाच्या बाई होऊन गेल्या. गावातल्या बायांना सरपण आणायला लांब लांब जावं लागतं, झरे आटले आहेत, हे त्यांनी पाहिलं. ५ जून १९७७ रोजी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी नैरोबी शहरातल्या एका बागेत सात झाडं लावली. ती सगळी काही जगली नाहीत. पण तिथून काम वाढत गेलं. गावोगावी बायांच्या गटांनी रोपवाटिका केल्या. रोप लावलं म्हणून पैसे मिळत नव्हते. ते जगलं, तर थोडे पैसे मिळायचे. लावणं आणि जगवणं यातला फरक त्यांनी हिशेबातच बसवला होता.

नैरोबीला शहराच्या कडेला करुरा नावाचं जंगल आहे. त्याचे तुकडे करून इमारतींसाठी वाटले जात होते. या बाया हातात रोपं घेऊन तिथे झाडं लावायला गेल्या. जानेवारी १९९९ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, मथाईंचं डोकं फुटलं. पण जंगल वाचलं. आज तिथे हजार हेक्टरांहून मोठं रान आहे आणि शहरातले लोक तिथे फिरायला जातात. २००४ मध्ये मथाईंना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. झाडांसाठी शांततेचं बक्षीस कसं, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. तेव्हा दुसरी म्हणाली, "आजीशी आपलं भांडण मिटलं ना, तसंच."

काय गेलं, काय राहिलं

आता शेवटचं, आणि ते सांगायला जड जातं.

बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आता तर किती वाढलं आहे ते आपण रोज लोकलमध्ये पाहतो. माणसं आली की घरं लागतात, घरं आली की रस्ता लागतो. आमच्या उताराच्या खालच्या बाजूने रस्ता काढायचं ठरलं. एका सकाळी जेसीबी आला. आम्ही धावत गेलो तेव्हा मावशीने आखलेला चर अर्धा भरून गेला होता.

आम्ही विचारलं, इथे बाग आहे, आमची झाडं आहेत. समोरच्या माणसाने विचारलं, "कागद आहे?" कागद नव्हता. फोटो नव्हते. कधी सुरू केलं, किती झाडं, कोण पाणी घालत होतं, काहीच लिहिलेलं नव्हतं. बचत गटाच्या वहीत प्रत्येक रुपयाची नोंद होती. सात वर्षांच्या पाण्याची एकही नोंद नव्हती. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत, ते काम वहीत लिहायचं असतं, हेच आम्हाला सुचलं नव्हतं. घरातलं काम कुठे लिहितो आपण? तसंच हेही.

आणि खरं सांगायचं तर रस्ता आम्हालाही हवा होता. आमचीच पोरं शाळेत जाताना चिखलातून जात होती. पावसाळ्यात बाळंतिणीला न्यायला रिक्षा वर येत नव्हती. म्हणून कोणाला दोष देऊन हा विषय संपत नाही. आम्हाला एवढंच वाटतं, की आधी कोणी विचारलं असतं, किंवा आमच्या हातात कागद असता, तर रस्ता दहा फूट बाजूने गेला असता. झाडंही राहिली असती.

खालचा भाग गेला. वरची काही झाडं राहिली. एक करंज, दोन बहावा, एक पळस, एक उंबर आणि आजींनी बी टाकून उगवलेलं एक जांभूळ. बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आजी नव्हत्या. असत्या तर म्हणाल्या असत्या, "बाय, मानांकन राहू दे, आधी पोरांना चार खाऊ दे." मे महिन्यात बहावा फुलतो तेव्हा रस्त्यावरून जाणारे थांबून मोबाईलवर फोटो काढतात. ही झाडं कोणी जगवली, हे त्यांना ठाऊक नसतं. आम्ही सांगतही नाही. पण आमच्यातली कोणी बरोबर असली, तर ती एकदा झाडाच्या खोडाला हात लावून पुढे जाते.

तुमच्यासाठी चार गोष्टी

तुमच्या गावाजवळही असा उतार असेल. शाळेमागे, देवळामागे, गायरानात. तिथे काही करायचं मनात असेल, तर आमच्या चुकांमधून शिकलेलं सांगतो.

पहिलं, जागा कोणाची, हे आधी तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत विचारा. वनखात्याची असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्या, गावची असेल तर ग्रामसभेत ठराव करून घ्या. ठरावाची नक्कल गटाच्या पेटीत ठेवा.

दुसरं, तिथे रोज कोण जातं, ते बघा. गुराखी, मोळीवाली, शेण वेचणारी. त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा, शेवटच्या नाही.

तिसरं, जेवढी जगवता येतील तेवढीच झाडं लावा. कोकणपट्टीत पाऊस चार महिने धो धो पडतो, पण पुढचे आठ महिने कोरडे. झाडाला तीन उन्हाळे काढून द्यावे लागतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात पंधरवड्याने पाणी. आळ्यात पालापाचोळा जाड टाका, पाणी अर्ध्यावर भागतं. दिवाळीनंतर गवत कापा आणि डिसेंबरात जाळरेषा काढा.

चौथं, वही घाला. तारीख, कोण आलं, किती कॅन पाणी, किती झाडं जिवंत. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या. सहा महिन्यांनी त्याच जागेवर उभं राहून एक फोटो काढा.

आम्ही आता अशी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर झाडांची नाही, माणसांची नावं आहेत. चर आखणारी मावशी, मोळीवाल्या आजी, पदर जळालेली वहिनी आणि शेळी शोधायला गेलेली ती. त्यातल्या काही जणी आज नाहीत. ती नावं आम्ही रेडिओवर वाचली नाहीत, इथेही छापत नाही. ती आमच्या वहीत आहेत, आणि वही पेटीत आहे. कधी कोणी पुन्हा विचारलं, "कागद आहे?" तर ती वही आम्ही पुढे ठेवू.

तुमच्या वहीचं पहिलं पान कोणाच्या नावाने सुरू होईल, ते आम्हाला जरूर कळवा.